खोटं नव्हे, खोटं-खोटं

फेब्रुवारी २०२६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि त्याच्या बातम्या दोन-चार दिवस फिरत राहिल्या. कांझी नावाच्या एका बोनोबोसमोर संशोधकांनी दोन रिकामे पारदर्शक पेले ठेवले. (बोनोबो म्हणजे चिंपांझीच्या अगदी जवळच्या नात्यातला वानर.) रिकाम्या जगमधून दोन्ही पेल्यांत सरबत ओतल्यासारखं केलं, मग एका पेल्यातलं परत जगमध्ये ओतल्यासारखं केलं आणि विचारलं, सरबत कुठे आहे? कांझीनं बहुतेक वेळा बरोबर पेल्याकडे बोट दाखवलं. बरोबर म्हणजे कोणत्या? तर ज्यातलं मुळातच नसलेलं सरबत अजून सांडलेलं नव्हतं, त्या.

त्याला खरंच सरबत दिसत होतं की काय? तेही तपासलं. एका पेल्यात खरं सरबत आणि दुसऱ्यात ओतल्यासारखं केलेलं, असे दोन ठेवल्यावर त्यानं बहुतेक वेळा खरं निवडलं. म्हणजे त्याला फरक कळत होता.

मी ही बातमी वहिनीला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “यात काय एवढं? आमची रोज मला वीस कप रिकामा चहा पाजते.”

‘आमची’ म्हणजे माझी भाची, वय वर्षं साडेतीन. वहिनीचा प्रश्न रास्त आहे. घरोघरी रोज घडणारी गोष्ट एका वानरानं केली तर तिची बातमी का व्हावी? याचं उत्तर शोधायचं तर रिकामा चहा पिणं ही किती अवघड गोष्ट आहे, ते आधी बघावं लागेल.

आधी मराठीकडेच बघू

मुलं खेळायला जमली की काय म्हणतात ते आठवा. ‘चला, घर-घर खेळू.’ ‘शाळा-शाळा खेळू.’ ‘डॉक्टर-डॉक्टर’, ‘दुकान-दुकान’. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात मुलं ‘कोरोना-कोरोना’ही खेळली. एकजण पेन्सिल नाकाजवळ नेई आणि दुसरा ‘पॉझिटिव्ह!’ असं ओरडे.

शब्द दोनदा उच्चारला की खरी शाळा बाजूला राहते आणि खेळातली सुरू होते. ‘खोटं’ आणि ‘खोटं-खोटं’ यांतही तोच फरक आहे. खोटं सांगणाऱ्याला आई रागावते. खोटं-खोटं रडणाऱ्याला तीच आई खोटं-खोटं समजावते. एका शब्दाची जोडी झाली आणि गुन्ह्याचा खेळ झाला. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मला कधी शिकवल्याचं आठवत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला तो पाठ असतो.

शास्त्रज्ञ याला ‘प्रतीकात्मक खेळ’ म्हणतात. एक वस्तू, व्यक्ती किंवा प्रसंग दुसऱ्याच्या जागी धरून खेळणं, इतकाच त्याचा अर्थ. शब्द एकदा सांगून झाला. पुढे आपण खोटं-खोटंच म्हणू.

कच्ची वही, पक्की वही

अॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये एक साधा वाटणारा प्रश्न विचारला. आई केळं कानाला लावून ‘हॅलो’ म्हणते, तेव्हा दीड-दोन वर्षांचं मूल गोंधळत का नाही? त्या वयात ते जग शिकत असतं. केळं सोलून खायचं असतं, फोनवर बोलायचं असतं, हे नुकतंच कळू लागलेलं. अशा वेळी आईनंच केळ्यावर बोलायला सुरुवात केली, तर मुलाच्या डोक्यात ‘केळ्यातून आजीचा आवाज येतो’ अशी नोंद व्हायला हवी. तशी ती होत नाही. मूल हसतं आणि दुसरं केळं मागतं.

लेस्लीचं उत्तर आपल्याला जुन्या दुकानदाराच्या भाषेत सांगता येईल. दुकानात दोन वह्या असतात, कच्ची आणि पक्की. (आयकरवाल्यांना आवडत नाही ती व्यवस्था. इथे मात्र ती निरुपद्रवी आहे.) पक्क्या वहीत लिहिलेलं असतं, ‘हे केळं आहे, खाण्याचं आहे.’ कच्च्या वहीत तेवढ्यापुरतं लिहिलं जातं, ‘हा फोन आहे.’ मूल खेळताना कच्च्या वहीतून वाचतं, पण पक्की वही मिटत नाही. ती मांडीवर उघडीच असते. म्हणून तर भातुकलीत मातीचा भात चमच्यानं ओठांपर्यंत नेऊन ‘मम्मम’ करणारं मूल तो गिळत नाही. लहान भावंडानं खरंच तोंडात घातला, की मोठं ओरडतं, “अगं, खायचा नाहीये तो!”

पुढे लेस्लीनं मुलांबरोबर खोट्या चहाचाही प्रयोग केला. दोन्ही रिकाम्या कपांत ‘चहा ओतायचा’, एक कप उपडा करायचा आणि विचारायचं, रिकामा कोणता, भरलेला कोणता? दोन्ही कप कोरडे ठणठणीत. तरी लहान मुलं उपड्या केलेल्या कपाला रिकामा म्हणतात आणि दुसऱ्याला भरलेला. कांझीची परीक्षा याच घराण्यातली.

मी हे घरी करून पाहिलं. भाचीनं दिलेल्या निळ्या प्लास्टिकच्या कपातला चहा पिता पिता कप आडवा पाडला. ती क्षणभर थांबली, कंबरेवर हात ठेवला आणि हुबेहूब वहिनीच्या सुरात म्हणाली, “आत्या! सांडलास ना?” मग आत जाऊन ओट्यावरचं फडकं घेऊन आली. फडकं खरं होतं. फरशी कोरडी होती. तिनं ती नीट, कोपऱ्यापर्यंत पुसली आणि मला बजावलं, “आता दुसरा मिळणार नाही. दूध संपलं.”

यात किती गोष्टी झाल्या ते मोजा. कप आडवा झाला की आतलं सांडतं, हे भौतिकशास्त्र तिनं खोट्या चहाला लावलं. ओलं पुसायचं असतं, हा घरचा नियम लावला. दूध संपलं की चहा होत नाही, हे कारण तर आधी खेळात नव्हतंच. तिनं ते पक्क्या वहीतून उचलून कच्च्या वहीत आणलं. कच्च्या वहीत सगळं मनाला येईल तसं चालतं, हा मोठ्यांचा गैरसमज आहे. तिथले बहुतेक कायदे खऱ्या जगातूनच आणलेले असतात. बदललेली असते ती एखादीच नोंद.

हे कधी सुरू होतं

साधारण वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञानं स्वतःच्या मुलांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्याची मुलगी सव्वा वर्षाची असताना तिला झालरीचं एक कापड दिसलं. ते तिच्या उशीसारखं दिसत होतं. तिनं ते पकडून अंगठा तोंडात घातला, आडवी झाली, डोळे उघडे ठेवूनच मधूनमधून मिटल्यासारखे केले आणि हसायला लागली. ते हसू महत्त्वाचं आहे, कारण खरी झोप आली तर कोणी हसत नाही.

सुरुवातीला मूल स्वतःच खोटं-खोटं झोपतं, पितं, खातं. मग बाहुलीला भरवतं. मग एका वस्तूची दुसरी होते, म्हणजे काडीचा चमचा आणि उशीचा घोडा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भूमिका येतात आणि सवंगडी येतात. तू आई, मी बाबा, आणि सगळ्यात धाकटा असेल त्याच्या वाट्याला हमखास बाळ किंवा कुत्रा. शाळेत रुळल्यावर हा खेळ हळूहळू कमी होत जातो. कमी होतो म्हणण्यापेक्षा आत जातो. बसच्या खिडकीशी बसून स्वतःशी ओठ हलवणारी दहा वर्षांची मुलगी पाहिली की समजावं, आत प्रयोग चालू आहे.

आणि एक खास आपल्याकडचं रूप, दिवाळीतला किल्ला. दगड, विटा, गोणपाट, त्यावर चिखल, चिखलात पेरलेले आळीव, खाली आरशाच्या तुकड्याचं तळं आणि वर सिंहासनावर महाराज. मावळ्यांची मापं कधीच जुळत नाहीत. दरवाज्यावरचा पहारेकरी बुरुजाहून उंच असतो आणि तळ्याकाठी प्लास्टिकची गाय हत्तीएवढी उभी असते. बांधणाऱ्या पोरांना त्याचं काहीच वाटत नाही. गोणपाटाची नोंद ‘कडा’ अशी एकदा झाली की झाली. हे खेळणारी मुलं बारा-तेरा वर्षांचीही असतात, म्हणजे खोटं-खोटं सातव्या वर्षी संपतं या समजुतीला आपल्या अंगणातच अपवाद आहे.

खेळातले नियम शाळेपेक्षा कडक

लेव व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये लेनिनग्राडला खेळावर एक व्याख्यान दिलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो गेला. त्या व्याख्यानातलं एक उदाहरण मला फार आवडतं. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी ठरवतात, आपण ‘बहिणी-बहिणी’ खेळू. आता त्या बहिणी आहेतच! मग खेळतात काय? तर एरवी ज्याचा विचार करत नाहीत ते सगळं. हात धरून चालतात, सारखे कपडे घालतात, ‘आपलं’ आणि ‘परक्यांचं’ वेगळं ठेवतात. रोजच्या आयुष्यात बहीण असणं नकळत घडत असतं. खेळात बहीण म्हणजे काय याचे नियम शोधून पाळावे लागतात.

म्हणून व्हिगॉट्स्कीचं म्हणणं असं होतं की खेळात मूल मन मानेल तसं वागत नाही, उलट मनाला आवर घालतं. ‘आई’ झालेल्या मुलीला रडता येत नाही, कारण आई रडत नाही. (हा तिचा समज. पण नियम तोच.) गोळीला ‘औषध’ ठरवलं की ती चघळून टाकता येत नाही. खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं तो म्हणायचा.

त्याच्या परंपरेतल्या संशोधकांनी पुढे मुलांना नुसतं ‘हलू नका’ सांगून पाहिलं आणि नंतर ‘तू पहारेकरी आहेस’ असं सांगून पाहिलं. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ स्तब्ध उभी राहिली. २०१७ मध्ये अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं. शेजारीच आयपॅडवर मजेचा गेम, हवं तेव्हा उठून खेळायची मुभा. काही मुलांना सांगितलं, ‘मी नीट काम करतोय का?’ असं स्वतःला विचारा. काहींना बॅटमॅनसारख्या एखाद्या पात्राचा वेष दिला आणि सांगितलं, ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ असं विचारा. कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली ती बॅटमॅन झालेली मुलं.

आमच्याकडे सकाळी दूध पिण्यावरून रोज रणकंदन होतं. भाची तिचं ती असली की दूध नको असतं. मनीमाऊ असली की बशी चाटूनपुसून साफ होते. अर्थात हे औषध रोज लागू पडत नाही. मनीमाऊलाही कधीकधी दूध आवडत नाही.

खेळ सुरू आहे, हे कळतं कसं

ग्रेगरी बेटसन हा मानववंशशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटूची लढाई बघत होता. एक माकड दुसऱ्याला चावल्यासारखं करत होतं, पण कोणी चिडत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, की या माकडांना एकमेकांना ‘हे खेळातलं आहे’ असं काहीतरी सांगता येत असलं पाहिजे. नाहीतर पहिल्याच चाव्याला रक्त निघालं असतं.

माणसांतही अशी खूण लागते. आया लहान बाळांसमोर खोटा खाऊ खातात, तेव्हा खरा खाऊ खाताना हसतात त्यापेक्षा जास्त हसतात आणि बाळाकडे जास्त वेळ बघतात, असं संशोधकांना दिसलं आहे. आवाजही चढतो, ‘अय्या, कित्ती छान!’ मोठ्या मुलांना इतकी गरज नसते. ‘समजा’ किंवा ‘हां, तर मी पोलीस’ एवढं पुरतं. बाहेर पडायलाही खूण असते, टॅम्प्लीज! (मूळ इंग्रजी ‘टाइम प्लीज’. पण त्याच्याशी आता या शब्दाचा काही संबंध उरलेला नाही.) टॅम्प्लीज म्हटलं की चोर-पोलीस दोघंही थांबतात, चोर चपलेचा पट्टा लावतो, पोलीस नाक पुसतो आणि मग पळापळ पुन्हा सुरू. पक्की वही मिटलेली नव्हती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

‘समजा’ची ताकद

भातुकलीतला ‘समजा’ आणि बीजगणितातला ‘समजा’ एकच आहे. ‘समजा, मी दुकानदार’ म्हणणारं मूल सात-आठ वर्षांनी ‘समजा, आंब्यांची संख्या क्ष’ म्हणतं. दोन्हीकडे करार तोच. खरं काय ते बाजूला ठेवा, हे धरून चाला, आणि यातून पुढे काय निघतं ते प्रामाणिकपणे बघा.

१९८८ मध्ये दोन संशोधकांनी लहान मुलांना अशी कोडी घातली: सगळी मांजरं भुंकतात. रेक्स मांजर आहे. रेक्स भुंकतो का? सरळ विचारलं की मुलं पक्की वही उघडून सांगतात, नाही, मांजर म्याव करतं. पण आधी ‘आपण दुसऱ्या ग्रहावर आहोत असं समजू’ म्हटलं, की तीच मुलं ‘हो, भुंकतो’ असं बरोबर अनुमान काढू लागतात. तर्क त्यांच्याकडे होता. फक्त कोणत्या वहीत हिशेब करायचा, ते सांगायला हवं होतं.

मोठ्यांचं जग तरी कशावर चालतं? दुकान-दुकानमध्ये मुलं आंब्याच्या पानांच्या नोटा करतात. आपल्या नोटाही सगळ्यांनी मिळून मान्य केलेली पानंच आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारची पानं मध्यरात्रीपासून चालणार नाहीत, असं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या डब्यांत जपलेला तोच कागद दुकानात कोणी घेईना. कागद बदलला नव्हता. कंपनी कायद्यानं ‘व्यक्ती’ असते, न्यायालयात देवालाही व्यक्ती मानून त्याच्या नावानं दावा चालतो. मुलांच्या खेळाला पोरखेळ म्हणताना थोडं जपून.

मग मूल खोटं बोलायला नाही का शिकणार?

हा प्रश्न आजोबा मंडळी हमखास विचारतात. खोटं बोलणाऱ्याला काय हवं असतं? आपलं खोटं समोरच्यानं पक्क्या वहीत लिहून घ्यावं. खोटं-खोटं खेळणाऱ्याला काय हवं असतं? आपण दोघांनी मिळून ते कच्च्या वहीत लिहावं. भाचीनं मला रिकामा कप दिला आणि मला खरंच त्यात चहा आहे असं वाटलं, तर तिचा खेळ मोडेल. तिला फसलेली आत्या नको असते.

कोकणातल्या दशावताराबद्दल एक म्हण ऐकली आहे: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. त्यात नटाच्या गरिबीची थट्टा आहे, दुखरी थट्टा आहे. पण त्यात हेही आहे की रात्रीच्या राजाला सकाळी आपण कोण, हे विचारावं लागत नाही.

मात्र दोन वह्यांमधला कागद जाड नसतो, हेही खरं. प्रयोगात मुलांना रिकामं खोकं दाखवून ‘यात राक्षस आहे असं समज’ सांगितलं. मुलांना ठाऊक होतं, राक्षस नाही. तरी एकटं सोडल्यावर काही खोक्यापासून लांब राहिली, काहींनी हळूच उघडून बघितलं. शाई थोडी झिरपते. आपलंही तेच होतं. भुताचा सिनेमा बघून आल्यावर बाथरूमचा दिवा लावूनच आत पाय ठेवणारे आपणच. तेव्हा मूल आपल्याच खेळातल्या वाघाला घाबरून कडेवर आलं, तर ‘तूच तर केलास ना वाघ’ हा तर्क तेवढ्यापुरता गिळावा आणि वाघाला हाकलावं.

याचा अभ्यासाला उपयोग काय?

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या प्रश्नावर भरमसाट बोललं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांच्या ‘पायाभूत टप्प्या’त खेळातून शिकण्यावर भर दिला आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी ‘जादुई पिटारा’ नावाची खेळणी, कोडी, तक्ते, पुस्तकं यांची पेटी आणली. तेव्हापासून जाहिरातींत ‘कल्पक खेळानं बुद्ध्यांक वाढतो’ छापाची वाक्यं जास्तच दिसतात.

मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरचं सगळं संशोधन चाळून काढलं. निष्कर्ष थंड पाण्यासारखा होता. खोट्या-खोट्या खेळामुळेच बुद्धिमत्ता किंवा सर्जनशीलता वाढते, असं ठाम म्हणण्याइतका पुरावा नाही. भाषा, गोष्ट रचून सांगणं आणि भावना आवरणं यांबाबत शक्यता खुली आहे, पण तिथेही जोरदार दावा करता येत नाही. असं असू शकतं की जी मुलं आधीच बोलकी आहेत तीच जास्त खेळतात. किंवा खेळाचं श्रेय त्यांच्याशी खेळणाऱ्या मोठ्यांच्या गप्पांना जायला हवं.

मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. आपण भाचीला आंबा देतो तो जीवनसत्त्व अ साठी देत नाही. पण ‘या खेळण्यानं मेंदूचा विकास’ असं खोक्यावर लिहून दोन हजार रुपये मागणाऱ्याला हे जरूर ऐकवावं.

खेळण्यातलं पोळपाट की खरं?

इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी या प्रश्नावर खऱ्याच्या बाजूची. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या तिच्या बालगृहात खेळणीही होती, पण मुलं ती सोडून खऱ्या कामाकडे वळतात असं तिला दिसलं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना परीकथा नकोत, असं तिचं मत होतं. तिच्या विचारांनी भारावलेले गिजुभाई बधेका मात्र भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आणि नाटकं घेऊन बसले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोदक पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी परिसरातल्या साध्यासुध्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती.

माँटेसरी चूक नव्हती. विचारलं तर बरीच लहान मुलं खोटं काम करण्यापेक्षा खरं काम करणं पसंत करतात, असं २०१८ च्या एका अभ्यासातही दिसलं. आपल्या स्वयंपाकघरांनी हा वाद केव्हाच मिटवला आहे. पोळ्या चालू असताना मूल पायात घुटमळलं की त्याला कणकेचा एक छोटा गोळा मिळतो. कणीक खरी, लाटणं खरं, पोळीचा मात्र भारताचा नकाशा होतो आणि तो ‘बाबांचा डबा’ म्हणून एका झाकणात जातो. पाच मिनिटांनी तो काळपट पडलेला गोळा मूल तव्यावर भाजून मागतं, आणि तो घरातल्या कोणाला तरी खावा लागतो. गेल्या आठवड्यात तो मान माझा होता.

आणखी काही काळज्या

अदृश्य मैत्रीण असेल तर? घाबरू नका. ओरेगॉन विद्यापीठातल्या मार्जरी टेलर यांच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा कल्पित सोबती होता. जिवंत मानलेल्या बाहुल्या आणि अस्वलंही यात धरली आहेत. गंमत म्हणजे संशोधक फार गंभीरपणे प्रश्न विचारू लागले की मुलंच त्यांना आठवण करून देत, की हे खोटं-खोटं आहे बरं का.

मुलगा भातुकली खेळत असेल तर? उत्तम. चहा त्यालाही यायला हवा.

आजारपण, भांडण, मरण खेळत असतील तर? घरात जे घडतं ते खेळात येतंच. आमच्याकडे आई गेली तेव्हा भाची नव्हती. पण थोरला भाचा पाच वर्षांचा होता आणि त्यानं महिनाभर उशीला चादरीत गुंडाळून ‘आजीला न्यायचं’ हा खेळ केला. बघवत नसे. आम्ही थांबवलं नाही. एके दिवशी त्याची ती उशी परत ट्रक झाली. एकच प्रसंग महिनोनमहिने तसाच, भीतीनं, आराम न पडता परत परत येत असेल, तर मात्र जाणकारांशी बोलावं.

मोबाइलवर स्वयंपाकाचे गेम असतात, ते नाही का चालत? तिथे कांदा कधी कापायचा ते आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ‘दूध संपलं’ असं तिथे मुलाला ठरवता येत नाही. फरक एवढाच आहे, पण मोठा आहे.

आणि मूल असं खेळतच नसेल तर? सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची लक्षणं चाळायला जी प्रश्नावली वापरतात, तिच्यात मूल खोटं-खोटं खेळतं का, हा एक प्रश्न असतो. एकट्या त्याच्या उत्तरावरून काहीच ठरत नाही. पण दोन वर्षं उलटली तरी असा खेळ अजिबात नसेल, शिवाय हाकेला ओ देणं, बोट दाखवणं, नजर देणं कमी असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

कांझीकडे परत

तर ती बातमी का? कारण आजवर असं मानलं जायचं की नसलेली गोष्ट ‘आहे’ असं धरून तिचा माग ठेवणं माणसालाच जमतं. संशयाला जागा होती. १९५० च्या आसपास अमेरिकेत एका घरात वाढलेली व्हिकी नावाची चिंपांझी नसलेल्या दोरीनं नसलेलं खेळणं ओढताना दिसली होती. युगांडातल्या जंगलात लहान चिंपांझी, विशेषतः माद्या, काटक्या बाळासारख्या घेऊन हिंडतात. पण ते दिसलेले प्रसंग होते. कांझीची परीक्षा घेतली गेली.

तो माणसांत वाढलेला, चिन्हांच्या पाट्यांवरून बोलणं शिकलेला वानर होता. तेव्हा त्याच्यावरून रानातल्या सगळ्या बोनोबोंबद्दल लगेच बोलता येणार नाही. शोधनिबंध छापून येण्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

वहिनीला हे सगळं सांगून झालं. तिनं विचारलं, “त्या कांझीनं सांडलेलं पुसलं का?” माझ्या माहितीप्रमाणे नाही. “मग आमचीच हुशार,” असं म्हणून ती कुकर लावायला उठली.

भाचीला वाढदिवसाला आलेला डॉक्टर-सेट अजून खोक्यातच कपाटावर पडून आहे. सध्या माझ्या फोनच्या चार्जरचा स्टेथोस्कोप झाला आहे. फोन चार्ज करायचा असेल तर आधी रांगेत बसून तपासून घ्यावं लागतं, आणि कालपासून डॉक्टर जेवायला गेल्या आहेत.